कलमाची ओळख फळ लागण्याआधी पटायला हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकातले डाळिंबाच्या आवकेचे आणि दराचे आकडे मी रोज वाचते. पावसानं फूलगळ झाली, तेल्या रोग आला, दर चढले, दर पडले, या बातम्या नेमानं येतात आणि त्या यायलाच हव्यात. पण बाजार समितीत क्रेट उतरायच्या दोन-तीन वर्षं आधी जे घडून गेलेलं असतं, त्याची बातमी होत नाही. शेतकऱ्यानं लावलेलं कलम नक्की कुठल्या वाणाचं होतं, हे तपासायची सोय त्याच्याजवळ नसते. त्याबद्दल लिहिते आहे. पत्र लांबणार आहे, पण थोडक्यात सांगून भागेल असा हा विषय नाही.

मी 31 वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. माहेर सोलापुरातच, साखर पेठेत. सासर सांगोला तालुक्यात. निवृत्त झाल्यावर आम्ही जुळे सोलापूरला राहायला आलो, पण महिन्यातून दोनदा तरी शेतावर जाणं होतं. शेत माझे धाकटे दीर बघतात.

भाऊजींनी 2019 च्या पावसाळ्यात दीड एकरावर डाळिंब लावलं. 15 बाय 10 फुटांवर खड्डे, 430 गुटी कलमं, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेली. आणताना ‘भगवा’ या वाणाची म्हणून आणली आणि पैसेही भगव्याचेच मोजले. शेणखत, ठिबक, दर झाडाला चार खोडं राखून छाटणी, सगळं मनापासून केलं. पाण्याची ओढाताण असलेल्या आमच्या भागात दोन वर्षं झाड जगवणं म्हणजे काय, ते सांगोल्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. एका उन्हाळ्यात तर टँकर आणून बाग वाचवली. 2021 चा हस्त बहार, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी फुलणारा हंगाम, धरला. पाणी तोडून झाडांना ताण दिला, औषध मारून पानगळ केली, पाणी सोडलं, कळी छान निघाली. सेटिंग, म्हणजे फळधारणा, झालं तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

जानेवारीत मी गेले, तर भाऊजी मला थेट सातव्या ओळीत घेऊन गेले. म्हणाले, “वैनी, ही झाडं भगव्याची न्हाईत. फळ हातात घेतलं की कळतंय.” मी फळ हातात घेतलं. भगव्याची साल जाड, चकचकीत, शेंदरी-लाल असते. या फळाची साल पातळ, पिवळसर, वर नुसती गुलाबी झाक. फोडून बघितलं तर दाणे फिके आणि बी दाताला लागणारं. दोन दिवस ओळीनं फिरून आम्ही झाडांना सुतळ्या बांधल्या. 430 पैकी 64 झाडं वेगळी निघाली. तीही एका कोपऱ्यात नाही, सगळ्या बागेत विखुरलेली. म्हणजे भेसळ लावताना झाली नव्हती, कलमं भरतानाच झाली होती.

व्यापारी आला, त्यानं चार फळं बघितली आणि म्हणाला, “हा माल येगळा काढा.” वेगळ्या काढलेल्या मालाला निम्मा दरही आला नाही. पण एका हंगामाचं नुकसान मी मोठं धरत नाही. ती झाडं उपटून तिथं नवी लावली, तर चारशे झाडांच्या बागेत ती पोरकीच राहतात. मोठ्या झाडांना बहारासाठी ताण द्यायचा, तेव्हा त्याच ठिबकावरच्या लहान रोपांना पाणी पाहिजे असतं. मोठ्यांची पानगळ करायची, तेव्हा लहानांवर ते औषध उडू द्यायचं नसतं. एकदा बागेत भेसळ झाली की पुढची तीन-चार वर्षं ती निस्तरत बसावं लागतं.

रोपवाटिकेत आम्ही विचारायला गेलो. उत्तर मिळालं, “बोरॉन कमी पडलं असेल, पाणी मागंपुढं झालं असेल, ऊन जास्त झालं असेल, म्हणून रंग आला नाही.” संपादक महोदय, यातली अडचण नीट समजून घ्या. हे उत्तर सरसकट खोटं म्हणता येत नाही. डाळिंबाचा रंग तापमानावर अवलंबून असतो, अन्नद्रव्यांवर आणि पाण्यावरही असतो. एकाच वाणाच्या फळाला वेगवेगळ्या बहारात वेगवेगळा रंग येतो, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. डोळ्यांनी बघून आम्ही म्हणणार वाण वेगळा, ते म्हणणार निगा कमी पडली. निवाडा कोण करणार? पावती काढून बघितली तर तिच्यावर एवढंच लिहिलेलं: ‘डाळिंब कलमे, 430 नग’. वाणाचं नावच नाही.

आणि हा निवाडा करणारी पद्धत जगात अनेक वर्षांपासून आहे. तिला फळ लागत नाही, फूलही लागत नाही. कोवळी चार पानं पुरतात.

माझे वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. सोलापुरी चादरीची नक्षी मागावर बसवलेल्या जकार्ड यंत्रावर उतरते, आणि जकार्डाला नक्षी सांगतात भोकं पाडलेले पुठ्ठे. कुठल्या धाग्यानं कधी वर जायचं ते त्या भोकांत ठरलेलं असतं. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, दोन चादरी सारख्या दिसतात, मग त्या एकाच नक्षीच्या हे कशावरून? ते म्हणाले, चादर बघू नकोस, पुठ्ठे बघ. चादर धुऊन विटते, रंग उतरतो, सूत हलकं-भारी असतं. पुठ्ठा बदलत नाही. पुढं वर्गात डीएनए शिकवताना मी मुलांना हेच सांगत आले. झाडाची फळं म्हणजे चादर. ऊन, पाणी, खत यांनी तिचा रंग कमीजास्त होतो. पानाच्या प्रत्येक पेशीत असलेला डीएनए म्हणजे पुठ्ठे. डीएनए मार्कर म्हणजे त्या पुठ्ठ्यांवरच्या मोजक्या, ठरलेल्या जागा. तिथली भोकं ताडून बघितली की दोन झाडं एक की वेगळी, हे सांगता येतं.

हे काम मी स्वतःच्या हातानं केलं आहे, म्हणून अधिकारानं लिहिते. 2004 साली उन्हाळ्याच्या सुटीत अध्यापकांसाठी असलेल्या एका प्रशिक्षण वर्गात मी डाळिंबाचं पान घेऊन बसले. पान द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटायचं, पीठ करायचं, पेशी फोडणाऱ्या गरम सीटॅबच्या द्रावणात मिसळायचं, क्लोरोफॉर्मनं मळ वेगळा करायचा आणि वरच्या नितळ पाण्यात गार अल्कोहोल घालायचं. बाकीच्यांच्या नळ्यांत पांढरा, कापसाच्या पेळूसारखा तंतू तरंगत वर आला. माझ्या नळीत चहासारखं तपकिरी पाणी. डाळिंबाच्या पानात टॅनिन भरपूर. ज्या तुरटपणामुळं आपण त्याची साल पोटाच्या तक्रारीवर उगाळून देतो, तोच तुरटपणा डीएनएला चिकटून त्याची नासाडी करतो. मग आमच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं की जून पान घेऊच नका, नुकती फुटलेली तांबूस पालवी घ्या, आणि द्रावणात पीव्हीपी घाला, ते टॅनिनला धरून ठेवतं. तिसऱ्या दिवशी माझ्या नळीतही तंतू दिसला. काचेच्या कांडीला गुंडाळून तो मी उजेडाकडं धरला होता. झाडाची सगळी कुंडली त्या बोटभर तंतूत होती.

पुढचं काम यंत्राचं. पीसीआरमध्ये डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती काढतात. दर फेरीला प्रती दुप्पट. 30 फेऱ्यांत एका प्रतीच्या 107 कोटींवर प्रती होतात, तेही दोन-तीन तासांत. मग त्या प्रती जेलच्या वडीत घालून विजेचा प्रवाह सोडला की लहान तुकडे पुढं पळतात, मोठे मागं राहतात आणि पट्ट्या उमटतात. त्या पट्ट्यांची रांग म्हणजे त्या झाडाचा ठसा.

आम्ही तेव्हा रॅपिड नावाची जुनी पद्धत वापरली होती. ती 1990 च्या सुमाराला आली. सोपी आणि स्वस्त, पण पहिल्या दिवशी आलेली पट्टी दुसऱ्या दिवशी येईलच याची खात्री नाही. माझ्याच दोन जेलमध्ये एकाच झाडाचे दोन ठसे आले होते. भांडणाचा निवाडा अशा पुराव्यावर करता येत नाही, हे मला तिथंच कळलं. त्यापेक्षा एसएसआर मार्कर पुष्कळ भरवशाचे. डीएनएच्या धाग्यात काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, जीए-जीए-जीए असा. एका झाडात तो 12 वेळा येईल, दुसऱ्यात 17 वेळा. शिवाय झाडाला एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळालेली असते, आणि या पद्धतीत दोन्ही वाचता येतात. अशा पंधरा-वीस जागा तपासल्या की बियांपासून उगवलेली दोन झाडं सहसा एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत, आणि एकाच झाडाची कलमं मात्र तंतोतंत जुळतात. आता तर डाळिंबाचा सगळा जनुकसंच वाचून झाला आहे. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाबेन्झी आणि तायशानहाँग या वाणांचा जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यामुळं एकेका अक्षराच्या फरकावर आधारलेले मार्कर शोधणंही सोपं झालं आहे.

या मार्करांची ताकद द्राक्षानं दाखवून दिली. कॅबर्ने सॉव्हिन्यों हे जगप्रसिद्ध काळं वाइनचं द्राक्ष. लोक ते शतकानुशतकं लावत होते, पण त्याचे आईबाप कोण ते कुणाला ठाऊक नव्हतं. 1997 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी एसएसआर मार्करांनी ते शोधून काढलं: एक कॅबर्ने फ्राँ आणि दुसरं सॉव्हिन्यों ब्लाँ, म्हणजे चक्क पांढरं द्राक्ष. फळाकडं बघून हे कुणाला सुचलं असतं?

आता आपल्याकडं या. वाणांच्या नावांचा आपल्याकडं दुहेरी गोंधळ आहे. एकीकडं एकाच भगव्याला शेंदरी म्हणतात, अष्टगंधा म्हणतात, मस्तानी म्हणतात, जय महाराष्ट्र म्हणतात. नवं नाव ऐकून शेतकऱ्याला वाटतं हा काही निराळा वाण, आणि तो जास्त पैसे मोजतो. दुसरीकडं एकाच नावाखाली भलतीच झाडं खपवली जातात, आमच्या बागेत खपवली तशी. अनेक नावांचं एक झाड आणि एका नावाची अनेक झाडं, या दोन्ही गाठी डीएनए तपासणीनं सुटतात.

जुन्या माणसांचा नावांचा हिशेब फार चोख होता. सासऱ्यांच्या आमराईत अकरा झाडं होती आणि प्रत्येकाला नाव. गोटी, शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या, केळ्या, लाडू. ती सगळी कोयीची झाडं. कोयीपासून उगवलेलं झाड हे मुलासारखं असतं, थोडं आईवर, थोडं बापावर आणि थोडं स्वतःचं. दर झाडाला वेगळं नाव द्यायचं, कारण झाडच वेगळं असायचं. कलमाचं तसं नसतं. लाख कलमं लावली तरी डीएनएच्या हिशेबानं ते एकच झाड लाख ठिकाणी उभं असतं.

इथंच मला दुसरी आणि अधिक काळजीची गोष्ट सांगायची आहे. आपल्या जिल्ह्यातल्या डाळिंबाच्या बागा जवळजवळ एकट्या भगव्यावर उभ्या आहेत. गणेश हा वाण पुण्याच्या गणेशखिंडीतला, डॉ. चीमा यांनी 1936 मध्ये आळंदी प्रकारच्या रोपांतून निवडलेला. पुढं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं गणेशचा गुल-ए-शाह रेड या लाल वाणाशी संकर केला, आणि त्याच संकराच्या पिढ्यांतून मृदुला, आरक्ता आणि भगवा निघाले. मोठं काम झालं ते. माणदेशातल्या कितीतरी घरांवर पत्र्याच्या जागी स्लॅब पडला तो या वाणांमुळं, आणि त्या शास्त्रज्ञांचं ऋण मी मानते. पण याचा अर्थ असाही होतो की आपण ज्यांना तीन वाण म्हणतो, ती एकाच घरची भावंडं आहेत. आणि आज त्यातलं एकच भावंड सगळीकडं आहे. रोग एका झाडावर चालला की तो सगळ्यांवर चालतो.

तेल्यानं हे आपल्याला दाखवलं आहे. झांथोमोनास नावाच्या जिवाणूचा हा रोग. आधी पानावर तेलकट, पाणी भरल्यासारखा ठिपका, मग फळावर काळा डाग, मग तो इंग्रजी वाय किंवा एल आकारात तडकतो. 2007-08 च्या सुमाराला आमच्या शिवारात बागांमागून बागा उपटल्या. शेजारच्यांची आठ वर्षांची बाग जेसीबीनं उपटून बांधाला पेटवली, तो ओल्या लाकडाचा धूर दोन दिवस आमच्या अंगणात येत होता. घरातली बाई चुलीपुढं बसून रडत होती, आणि तिला काय सांगावं ते वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मला सुचलं नाही.

अशा रोगाला तोंड द्यायची ताकद जर कुठं मिळणार असेल, तर ती वेगळ्या रक्ताच्या झाडांत मिळेल. हिमाचलात, उत्तराखंडात आणि जम्मू-काश्मीरमध्ये डोंगरउतारावर ‘दारू’ नावाचं रानटी आंबट डाळिंब आहे, त्याचे दाणे वाळवून अनारदाना करतात. आपल्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रानं ‘सोलापूर लाल’ हा वाण काढला, त्याच्या वंशावळीत भगवा आणि गणेश आहेतच, पण बुटका ‘नाना’ आणि हे रानटी ‘दारू’ही आहे. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व या वाणात जास्त आहे. रानातलं आंबट डाळिंब असं कामाला आलं. कुठल्या झाडाचं रक्त कुणाच्या किती जवळचं आणि किती लांबचं, हे मार्करांनी मोजता येतं, आणि संकराला जोडी कुठली निवडायची ते त्यावरून ठरवता येतं. नाहीतर दिसायला वेगळ्या दोन भावंडांचाच संकर करत बसायचं आणि वीस वर्षांनी हाती काही लागायचं नाही.

आमच्या विहिरीवर एक डाळिंब होतं. सासूबाई त्याला ‘विहिरीवरलं’ एवढंच म्हणत. त्यांच्या सासूनं बी टाकून उगवलेलं. साल हिरवट-पांढरी, दाणे फिक्या गुलाबी रंगाचे, चव आंबट-गोड, बी कडक. बाजारात कुणी फुकट घेतलं नसतं. सासूबाई त्याच्या साली वाळवून डब्यात ठेवायच्या आणि गावातल्या बायका पोराला आव पडली की त्या मागायला यायच्या. सभोवतालच्या बागा तेल्यानं गेल्या त्या वर्षी या झाडावर थोडेच ठिपके आले होते. ते झाड रोगाला प्रतिकारक होतं असं मी एका वर्षाच्या बघण्यावरून म्हणणार नाही. एकटं झाड होतं, बागेपासून लांब होतं, त्याला पाणी-खताचा मारा नव्हता, कारणं दुसरीही असतील. पण तपासायला पाहिजे होतं. 2016 मध्ये विहीर खोल करताना जेसीबीला वळायला जागा नव्हती, म्हणून ते काढलं. मी सोलापुरात होते. आठ दिवसांनी गेले तेव्हा बुंधाही जळणात गेला होता. एक फांदी लावून ठेवली असती तर रुजली असती, डाळिंबाचं खुंट लागतं. चार पानं वाळवून ठेवली असती तरी आज तपासून कळलं असतं की ते झाड भगव्याच्या किती लांबचं होतं. मी दोन्ही केलं नाही, याचं दुःख मला आजही आहे.

अशी झाडं अजून आहेत. मंगळवेढ्याच्या, मोहोळच्या, बार्शीच्या जुन्या वाड्यांच्या परसात, मळ्यातल्या देवळापाशी, विहिरींच्या काठाला. डाळिंबच नाही. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पूर्वी गावरान बोरांचे किती तऱ्हांचे वाटे लागायचे ते माझ्या वयाच्या माणसांना आठवत असेल. आंबट-गोड, लांबट, गोल, पिठूळ. आता टोपल्यांतून बहुतेक मोठी कलमी बोरंच दिसतात. चिंचा आणि गावरान आंबे रस्ता रुंद करताना जातात. पंचनाम्यात लिहितात ‘चिंच, 1 नग’. तो एक नग म्हणजे पुन्हा कधीही न होणारं झाड असतं, हे त्या कागदावर कुठं लिहिलेलं नसतं.

डीएनए तपासणीला मी रामबाण म्हणत नाही, कारण तिच्या मर्यादा मला माहीत आहेत. आपल्याच उत्तर सोलापूर तालुक्यातल्या नान्नजची सोनाका द्राक्षं घ्या. ती थॉम्पसन या द्राक्षवाणाच्याच वेलातून निवडलेली. मणी लांबट झाला, बाजारात नाव झालं, पण मोजक्या एसएसआर जागा तपासल्या तर सोनाका आणि थॉम्पसन एकच दिसतात, कारण मूळ वेल एकच. एखाद्या फांदीत आपोआप झालेला बारीक बदल पकडायला फार खोल वाचन लागतं. शिवाय वाण खरा निघाला म्हणजे कलम निरोगी आहे असं नाही. तेल्याचा जिवाणू किंवा मर रोगाची बुरशी कलमातून येते का, ती तपासणी निराळी. आणि ठसा म्हणजे झाड नव्हे. कागदावर ठसे जपले आणि झाडं तोडली तर उपयोग शून्य. झाडाची फांदी कुठंतरी जमिनीत वाढत राहायला हवी.

पण ज्या कामाला ही तपासणी पुरेशी आहे, तिथं तरी ती वापरा. भगवा आहे की नाही, एवढाच आमचा प्रश्न होता. मी खासगी प्रयोगशाळांना फोन केले. एका नमुन्याचा खर्च ऐकून भाऊजी गप्प झाले, कारण आमची झाडं 64. आणि वेगळा वाण आहे असं सिद्ध झालं तरी पावतीवर वाणाचं नाव नसताना दाद कुठं मागायची?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. रोपं तपासू नका, मातृवृक्ष तपासा. एका मातृवृक्षापासून शेकडो कलमं होतात. झाड एकदाच तपासायचं, त्याला क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक वाणाच्या नावासह पावतीवर छापायचा. मग तो खर्च कलमामागं काही रुपयांवर येईल, आणि भगव्याच्या नावाला जो जास्तीचा पैसा शेतकरी आज देतो त्यात तो सहज बसतो. फळरोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात 1969 पासून कायदा आहे, परवाना लागतो. त्या परवान्याच्या अटींत ही एक अट घालायला काय हरकत आहे? प्रामाणिक रोपवाटिकावाल्यांना तर ती हवीच असेल. चारजण भेसळ करतात आणि बोल सगळ्यांना लागतो.

केगावला एकाच महामार्गावर डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठही आहे. दोघांनी मिळून कृषी विभागामार्फत शेतकऱ्यांच्या पानांचे नमुने परवडेल अशा शुल्कात तपासून द्यायची सोय करावी. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चादरीला त्याच्या आधीच मिळालं होतं, आणि बाहेरची चादर सोलापुरी म्हणून कशी विकली जाते ते वडिलांनी डोळ्यांनी बघितलं. नाव मोठं झालं की नक्कल येते. नाव आपलं आहे, तर ते पडताळून बघायची सोयही आपल्या जिल्ह्यात असायला हवी.

जुन्या झाडांचं काम आणखी सोपं आहे, ते महाविद्यालयातली मुलं करू शकतात. गावोगावी पाच-सहा पानं खुडायची, कागदी पाकिटात घालून सिलिका जेलच्या खड्यांत वाळवायची, पाकिटावर गाव, गट क्रमांक, झाडाचं घरातलं नाव आणि मालकाचं नाव लिहायचं. अशी पानं वर्षानुवर्षं तपासण्याजोगी राहतात. झाड वेगळं निघालं तर त्याचं खुंट संशोधन केंद्राच्या संग्रहात लावायचं. आणि तो वाण शेतकऱ्याच्या नावावर नोंदवता येतो, 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात तशी सोय आहे. सासूबाईंच्या सासूचं नाव कुणालाच आठवत नाही. झाड असतं तर निदान कुणाच्या तरी घरची म्हणून त्याची नोंद झाली असती.

मृग लागला की रोपवाटिकांमध्ये गुट्या बांधायला सुरुवात होईल. पेन्सिलीएवढ्या फांदीची बोटाच्या पेराएवढी साल गोल काढायची, संजीवक लावायचं, ओलं शेवाळ बांधून वर प्लॅस्टिक गुंडाळायचं. दीड-दोन महिन्यांत मुळं दिसतात आणि फांदी कापून पिशवीत जाते. एकदा ती पिशवीत गेली की कुठल्या झाडाची होती ते सांगणारा माणूस उरत नाही. त्याच दिवसांत मातृवृक्षांना तांबूस पालवी असते आणि तपासणीला तीच लागते. यंदा गुटी बांधायच्या आधी कुणी ही पालवी गोळा करेल का, एवढंच मी कृषी विभागाला आणि दोन्ही संस्थांना आपल्या मार्फत विचारते आहे.

आमच्या त्या 64 झाडांतली 61 भाऊजींनी उपटली. तीन मी हट्टानं ठेवायला लावली. त्यांची पानं खुडून, वाळवून माझ्या कपाटात ठेवली आहेत, सोबत बागेतल्या चांगल्या भगव्याचीही. जी प्रयोगशाळा तपासून देईल तिच्याकडं ती स्वतः नेऊन पोचवीन. पाकिटावर गाव आहे, गट क्रमांक आहे, ओळ 7, झाड 12 असं लिहिलेलं आहे. वाणाची जागा कोरी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र अध्यापिका
जुळे सोलापूर, सोलापूर